आशावहिनींचं शिळं पाणी

पाण्याचा विषय निघाला की पुरुषोत्तम सबनीसपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. तेहेतीस वर्षं तो लीड्समधल्या घरोघरी जाऊन नळाचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेत होता. आधी कौन्सिलच्या पाणी खात्याचा माणूस म्हणून आणि खातं जाऊन कंपनी आल्यावर कंपनीचा माणूस म्हणून. साहेब बदलले, व्हॅनचा रंग बदलला, पुरुषोत्तमचा तोरा तेवढा तसाच राहिला.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये, रिटायर व्हायला दोन महिने उरले असताना, काँप्युटरने काढलेल्या पत्त्यांत आशा मिरीकर हे नाव आलं. तो व्हॅनमध्ये एकटाच हसला. मिरजेहून इथे आला तेव्हा याच विटांच्या घरात, वरच्या खोलीत, तो तीन वर्षं राहिला होता. तूरडाळ मिळायची नाही म्हणून वहिनी वाटाण्याच्या डाळीचं वरण करायच्या. ज्ञानेश्वरराव, त्यांचे यजमान, रेडिओवर क्रिकेट लावून बसायचे. खिडकीच्या काचेवर वाफ धरायची आणि परक्या देशात आपण कुणाचे तरी आहोत असं वाटायचं. तसं वरण पुन्हा कधी जमलं नाही, अगदी तूरडाळीचंसुद्धा.

त्या घरात वाद एकच. वहिनी रोज सकाळी नळ सोडून बादलीभर पाणी काढायच्या आणि ते गुलाबांना घालायच्या. पाहुणा यायचा असला की पुन्हा तेच. रात्रीचं शिळं पाणी माणसाला द्यायचं नसतं, ही त्यांच्या आईची शिकवण.

“वहिनी, पाणी म्हणजे काय भाकरी आहे शिळी व्हायला?” पुरुषोत्तम चिडवायचा. वहिनी हसायच्या आणि बादली उचलायच्या.

दारात त्याने रीतसर ओळखपत्र दाखवलं. कंपनीला घरात यायचा हक्क कायद्याने दिला होता, तोही आधी कळवून. थेट ओट्यापाशी जायचा हक्क मात्र वहिनींनी दिलेला. त्यांनी ओळखपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

“या भावजी. तुम्ही येणार म्हणून मघाशीच नळ सोडून ठेवला होता. अगदी ताजं पाणी घ्या.”

त्याने बाटली भरली. तेवढ्यात वहिनींची सून नीना तीन आठवड्यांचं बाळ खांद्यावर घेऊन आली. ती लीड्समध्येच जन्मलेली, आता बाळंतपणानंतर सासूकडे राहायला आलेली.

“हाय काका! आई रोज पाणी वेस्ट करतो, यू नो. मी मॉर्निंगला बाटलीसाठी केटल डायरेक्ट भरते. बॉइल केला की सेफ ना?”

पुरुषोत्तमचा हात तिथेच थांबला. जिन्याखालचा तो मऊ, करडा पाइप त्याला आठवला. नाण्याने ओरखडा काढला की चकाकणारा. शिशाचा. रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात शिसं उतरतं, आणि उकळून ते जात नाही. हे तो गावभर सांगत हिंडला होता. आणि याच घरात, वहिनींचा मुलगा, आता नीनाचा नवरा, यतीन बाटलीवर असताना, वहिनींनी विचारलं होतं, “बाळाला हे पाणी चालेल ना?” नवी नोकरी लागलेल्या या शहाण्याने छाती काढून सांगितलं होतं, “लीड्सचं पाणी म्हणजे अमृत, वहिनी!”

“नीना, आजपासून बाळाला बाटलीबंद पाणी दे, कमी मिठाचं बघून. आणि उद्या मी येईपर्यंत नळाला कुणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिल्या धारेचं पाणी घेतलं. आठवड्याने आकडा आला: लिटरमागे एक्केचाळीस मायक्रोग्रॅम शिसं. आधीची मर्यादा पन्नास होती, डिसेंबरात ती पंचवीसवर आली होती. मागच्या वर्षी हेच पाणी पास झालं असतं.

तो आकडा सांगायला तो स्वतः गेला. फुटपाथवरच्या झाकणापर्यंतचा पाइप कंपनीचा, तिथून आत ओट्यापर्यंतचा घरमालकाचा. मालकाच्या पाइपाला कंपनी हात लावत नाही. मालकाने आपला बदलला आणि लेखी मागितलं, तर कंपनीला तिचा तुकडा बदलावाच लागतो. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. पाइप ज्ञानेश्वरराव मागे ठेवून गेलेल्या गुलाबांखालून गेला होता.

“आणि वहिनी, चूक माझी आहे. यतीनच्या वेळी मी न तपासता शब्द दिला तुम्हाला. तुम्ही ते शिळं पाणी ओतत होतात म्हणून निभावलं. मी तीस वर्षं हसत होतो.”

वहिनी खिडकीपासून वळल्या. मग म्हणाल्या, “मला तरी कुठे ठाऊक होतं शिशाचं? आई करायची म्हणून मी केलं. नीनाला मात्र कारण काही सांगता आलं नाही मला, म्हणून तिने ऐकलं नाही. गुलाब काय, दुसरे लावू. कागद आणा भावजी, कुठे सही करायची?”

मे महिन्यात अंगण खणलं गेलं. आतला पाइप यतीनने आणलेल्या प्लंबरने बदलला, बाहेरचा कंपनीने. निळा प्लास्टिकचा नवा पाइप पडला, गुलाब गेले. पुरुषोत्तम नोकरीतली शेवटची बाटली त्याच नळाची भरून घेऊन गेला, आणि पाणी पास झालं.

जूनमध्ये रिटायर झाल्यावर तो पेढे घेऊन आला. वहिनी नुकत्याच लावलेल्या गुलाबाच्या काडीपाशी होत्या. आत ओट्यापाशी नीना नळ सोडून उभी होती, बोट धारेखाली धरून. बादली भरत आली होती.

“काका, आता नीड नाही ना याची? नवा पाइप आहे.”

“नाही,” पुरुषोत्तम म्हणाला.

त्याने बादली उचलली आणि वहिनींच्या काडीला पाणी घालायला बाहेर गेला.