डावाच हात

माझा हात त्याने पेनाच्या टोपणाने उलटा केला. विमा कंपनीचा साहेब, बुलडाण्याच्या ऑफिसात टेबलापलीकडे बसलेला. आधी नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर त्याने पेनाचं टोपण काढलं. मला हात न लावता त्या टोपणाने माझं एकेक बोट उचललं आणि सोडून दिलं. बोटं जिथल्या तिथे पडली. मग म्हणाला, "डावाच आहे ना?"

खुर्च्या दोनच होत्या. एक आमच्या वकिलाला, एक माझ्या नवऱ्याला. हात माझा, आणि मीच उभी.

मोताळ्याचा बाजार करून येताना आमची खासगी बस पुलाच्या कठड्याला घासत गेली. माझा हात खिडकीत होता, तो कठड्यात सापडला. हात राहिला, पण मूठ वळत नाही. चमचासुद्धा धरवत नाही.

साहेबाने फाइल वाचली. व्यवसाय, काही नाही. कमाई, काही नाही. घरीच तर असता, एका हाताने घरात काय अडतं, म्हणाला. साठ हजार देतोय तेही माणुसकी म्हणून. आणि तडजोडीचा कागद अन् अंगठ्यासाठी शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. सही येते का, हे विचारलंही नाही. मी सातवी शिकलेली आहे.

वकील माझ्या कानाशी आले. केस वर्षानुवर्षं चालेल, मिळतंय ते पदरात पाडून घ्या, म्हणाले.

मी मात्र फाइलकडेच बघत होते. काही नाही. बारा वर्षांची होते तेव्हापासून मी कापूस वेचते, निंदायला जाते, सोयाबीन सोंगते. आणि कागदावर काही नाही. हे कोणी लिहून दिलं ते मला माहीत होतं. अपघातानंतर दवाखान्यात मी खाटेवर होते, शुद्धीत होते. पोलीस जबाब लिहून घेत होता. बाई काय करतात, त्याने विचारलं. नवरा म्हणाला, "काही नाही जी. घरीच राह्यते."

आमच्याकडे असंच सांगतात. ज्याची बाई रोजाने जाते तो परक्या माणसापुढे हेच सांगतो. माझ्या सासूने उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात काढला, पण सोयरिकीचे पाहुणे आले की तीही घरीच असायची. आपण खोटं बोलतोय असं कोणाला वाटतसुद्धा नाही. आणि खरं सांगते, त्या खाटेवर मला ते ऐकून बरं वाटलं होतं. नवऱ्याने चार लोकांत मला सावलीत बसवलं, असं वाटलं. आज त्याच्यापेक्षा माझाच राग मला जास्त येतो.

मी साहेबाकडे आठ दिवस मागितले. आठ दिवसांत काय बोटं चालायला लागणार, असं तो वकिलाकडे बघून म्हणाला. वकीलही हसले. नवरा खाली बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेचणीला निघाले. कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधायची तर मला गाठ मारता येईना. नवऱ्याने मारून दिली. वेचणीला दोन हात लागतात. एकाने बोंड धरायचं, दुसऱ्याने कापूस ओढायचा. सवयीने हात बसला की मग दोन्ही हात दोन बोंडांवर चालतात. एका हाताने ओढलं की झाड वाकून अंगावर येतं, बोंडाचं टरफल तुटतं, वाळला पाला कापसात जातो. कापसात कचरा आला की मालक बोलणी घालतो. बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या. दुपारपर्यंत माझी ओटी भरली नाही. तिथेच मातीत बसून रडले, रागाने.

गयाबाई मागे फिरून आली. आमच्या टोळीतली सगळ्यांत थोरली. मी तिला विचारलं, कोर्टात सांगशील का, मी तुझ्यासोबत वेचायला येत होते म्हणून. तिच्या पोराची सोयरीक चालू होती आणि पाहुण्यांना तिच्या घरूनही तेच सांगून झालं होतं, बाई घरीच असते. माझ्यासाठी बोलायचं तर तिला स्वतःचंही सांगावं लागणार होतं. माझ्या ओटीतला पाला निवडता निवडता ती म्हणाली, "सांगतो. तुटली सोयरीक त तुटली. हात त मलेही आहेत ना."

आठव्या दिवशी मी फुटलेल्या बोंडांची एक फांदी सोबत नेली. साहेबाच्या टेबलावर, त्याच्या फाइलवरच ठेवली.

"डावा हात मांडीखाली ठिवा साहेब," मी म्हटलं. "अन् एक बोंड वेचून दाखवा."

त्याने फांदीला हात लावला नाही. हा काय तमाशा, म्हणाला. तुमची बाई घरी असते हे तुमच्याच तोंडचं आहे, असं त्याने नवऱ्याला सुनावलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. आता हा काय बोलतो, याची मला भीती वाटत होती. तो खुर्चीवरून उठला.

"खोटं सांगतलं जी मी," तो म्हणाला. "लाज वाटे."

त्या खुर्चीवर मी बसले. पॅड बाजूला सारला. तडजोडीचा कागद ओढला आणि साहेबाचंच पेन उचललं. कागदावर आडवं लिहिलं, मंजूर नाही. खाली सही केली, पूर्ण नावाची, आडनावासकट. वकील नको नको म्हणत राहिले.

वकील मी बदलला. केस चालू आहे. रक्कम वाढेल की होती तीही जाईल, सांगता येत नाही. घरात ओढाताण आहे. गयाबाईच्या पोराची सोयरीक तुटली, आणि तरी ती प्रत्येक तारखेला माझ्यासोबत बसमध्ये बसते. मी खिडकीशी बसत नाही. माझा हात काही परत येणार नाही. पण बाई काय करतात असं आता कोणी विचारलं, की नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी सांगते. कापूस वेचत होतो. दोन्ही हातानं. लिहा.