रेणुकाच्या मागची बाई

आधीच सांगते, अशा गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी. हुबळीत मधुमेहावरच्या एका संशोधनात को-ऑर्डिनेटर आहे. दिवसभर फॉर्म, सह्या, आकडे... भुतं आली तरी त्यांना बसायला जागा नाही!

लहानपणापासून इन्शुलिन घेणारी, अठरा ते पंचवीस वयाची मुलं आमच्याकडे भाग घेतात. सेंटरवर या, नाहीतर घरून व्हिडिओ कॉलवर — ज्याची त्याची सोय. अळणावरजवळच्या खेड्यातली रेणुका घरूनच असायची. वडील तिला एकटीला बसनं पाठवायला तयार नव्हते.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी साडेबाराचा कॉल. सवयीनं विचारलं, जेवलीस का?

"झालं की अक्का."

आमच्याकडे या प्रश्नाला कुणी 'नाही' म्हणतच नाही. म्हटलं तर विचारणाऱ्यालाच जेवायला वाढावं लागतं. मी फॉर्मवर 'होय' लिहिणार — तेवढ्यात तिच्या मागं, दाराशी उभ्या बाईनं मान हलवली. नाही. परत, सावकाश... नाही. खांद्यावर टॉवेल, चेहरा अगदी साधा. मला वाटलं, आई.

"रेणुका, खरं सांग."

मग कबूल झाली. इन्शुलिन टोचून झालं होतं आणि कॉल चुकू नये म्हणून ताट झाकून ठेवलं होतं. एव्हाना तिच्या कपाळावर घाम, जीभ जड. साखर पाण्यात ढवळून प्यायला लावली, कॉल सोडला नाही. पंधरा मिनिटांनी रक्तातल्या साखरेचा आकडा वर आला तेव्हा कुठं जिवात जीव आला.

म्हटलं, आईला दे फोन.

"आई कामावर गेलीया. घरात मी एकटीच हाय."

तिनं फोन फिरवून दाखवला. दाराला आतून कडी होती.

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. तो मी सात-आठ वेळा पाहिलाय. मागं नुसतं बंद दार आहे. मला भास झाला म्हणावं, तर ती जेवली नाही हे मला कळलं कसं?

आता आम्ही 'काय खाल्लं, किती वाजता' असं विचारतो. त्यानंतरच्या महिन्यात रेणुका हट्टानं एकटी बसनं सेंटरवर आली. माझ्यासमोर डबा खाल्ला. त्या कॉलच्या रिपोर्टात 'माहिती देणाऱ्याचं नातं' हा रकाना मी तसाच ठेवला होता. तिनं वाकून पाहिलं.

"घरचं माणूस, असं लिवा की."

आमच्या कामात पेन्सिल चालत नाही. तो एक रकाना मात्र मी पेन्सिलीनं भरलाय: 'घरचं माणूस'. पेनानं लिहावं असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.