अडीच तासांचं आकाश

मस्कत ते मुंबई विमानाने अडीच तास. अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. पुढे मुंबई ते वेंगुर्ले एसटीने आणखी सोळा तास. सातवीतून शाळा सोडलेला मी, पण हे गणित त्या आठवड्यात इतक्या वेळा केलं की झोपेतही चुकलं नसतं. आईचं ऑपरेशन वेंगुर्ल्याच्या इस्पितळात सोमवारी सकाळी दहाला ठरलं होतं. त्याआधी गावच्या देवीला कौल लावला, तो पडला, मुलाला बघून मगच ऑपरेशनला जा. आईने तेच धरलं. झील येत नाही तोवर आत जाणार नाही म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता आणखी थांबता येणार नाही. रजा मिळाली ती नेमकी रविवारपासून.

मस्कतला आम्ही गाववाले मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायचो. घरी आता दिवा लागला असेल, आई जेवली असेल, एवढं कळावं म्हणून. तिथल्या वेळेपेक्षा ते दीड तास पुढे. विमान मुंबईला उतरताना सूचना झाली, घड्याळं दीड तास पुढे करा. सगळ्यांनी केली, गडबडीत मीही केलं. आधीच पुढे असलेलं घड्याळ आणखी पुढे गेलं, हे ध्यानातच आलं नाही. विमानाला उशीर झाला असं समजलो.

सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा माझ्या घड्याळात पावणेपाच. एसटी मुंबई सेंट्रलहून पाचला. पोचणं शक्यच नव्हतं. भिंतीवर घड्याळं असतील, पण माझी नजर मनगटावरून हलत नव्हती. बॅगेवर बसलो. गुरव गाऱ्हाणं घालतात तसं पुटपुटलो, ‘बा देवी माते, माझ्या हातातला सरला. आता तूच काय तां बघ. होय महाराजा.’ त्यानंतर खरोखरच काही करावंसं वाटेना.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या विमानाची वाट बघत उभे होते. माझं मालवणी पुटपुटणं ऐकून ते वळले.

“खंय जातलंस रे?”

“वेंगुर्ल्याक. पण पाचची गाडी चुकली.”

“चुकली? आत्ता सवातीन झाले. तुझ्या घड्याळाक खंयची घाई लागली?”

विमानात फिरवलेले काटे मला तेव्हा आठवले. त्यांनी हात करून टॅक्सी थांबवली, बॅग आत ढकलली. “असोच बसान रवलंस तर मात्र खरीच चुकतली.”

गाडी मिळाली. सकाळी नऊला इस्पितळात शिरलो. आई खाटेवर उठून बसली होती.

“इलंस?”

“इलंय.”

“मगे आता व्हरा माका,” ती न्यायला आलेल्या नर्सबाईंना म्हणाली.

ती बरी झाली. त्या गृहस्थांचं नाव विचारायचंही राहिलं. घोळ माझाच होता, हे मला ठाऊक आहे. पण मी गाऱ्हाणं घातलं नसतं तर रडत चुलतभावाकडे गिरगावात गेलो असतो, आणि मालवणी पुटपुटणं ऐकून माझ्याकडे वळणारं तिथे कोणी नसतं. हे कसं मांडायचं ते मला कळत नाही. अजून सुट्टीवर येताना मी तास मोजतो, सवय जात नाही. फक्त विमान उतरलं की घड्याळाला हात लावत नाही. आधी हात जोडतो, मग शेजारच्याला वेळ विचारतो.