अंडं ओळखणारा चन्नप्पा

चन्नप्पा काल गेला. आणि मी अजून त्याच्यावर जळतो.

पण आधी तुम्हा ग्रुपवरच्या मंडळींची विचारपूस. शांताताई, गुडघा कसा आहे? मुखेडचे दाजी, शुगर आटोक्यात आहे ना? किल्लारीच्या सूनबाई, बाळाचा ताप उतरला का?

आमचं बरं आहे. नात वैष्णवी तेवढी रडत बसलीय.

उदगीरच्या मोंढ्यात त्याचं आडतीचं दुकान. मी एसटीचा रिटायर्ड कंडक्टर. दोघांनाही जुन्यापान्या इंग्रजीचं वेड. शिकवलं कुणी नाही, एकमेकांवर कुरघोडी करत शिकलो.

वैष्णवी लातूरला एम.ए. इंग्लिश करते. दिवाळीत तिनं शेकडो वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी पाककृतीची झेरॉक्स आणली. स्पेलिंग म्हणजे ज्याला जसं सुचलं तसं. त्यात एक शब्द, ‘आयरेन’. माझ्या डिक्शनरीत नाहीच.

मी छातीठोक सांगितलं, हे आयर्न. लोखंडाची कढई असणार.

चन्नप्पा चहाला आलेला. त्यानं कागद ओढला, सौदा पुकारावा तसं खड्या आवाजात सगळं वाचलं आणि म्हणाला,

"लोखंड फोडून लोण्यात घालतेत व्हय, भाऊ? अंडी हायत ती."

बरोबर निघालं.

ज्या लिंगायताच्या घरात सात पिढ्यांत अंडं शिरलं नाही, त्यानं अंडं ओळखलं. आणि रोज आम्लेट खाणारा मी बघत बसलो.

पोरगी इतकी हसली.

तिथून पुढं कुठं अडलं की तिचा फोन थेट चन्नप्पाला. "आप्पा, हे काय असेल?" मी समोर बसलेलो असताना. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

काल त्याच्या मातीहून आल्यावर तिनं मोबाईल पुढं केला. आप्पांच्या व्हॉइस नोट्स. पानंच्या पानं वाचून पाठवलेली. एका शब्दापाशी आवाज थांबतो.

"हितं मलाबी लागंना पोरी. आजोबाला इचार. न्हाई आलं तर कायतरी ठोकून देईल, पण इचार."

सकाळपासून तोच शब्द घेऊन बसलोय. मोठ्यानं वाचून बघितला. त्याच्यासारखा आवाज काही निघत नाही.

आणि समजा लागला अर्थ, तर "बघ, तुला नाही आलं" हे सांगू कुणाला?

शरणु शरणार्थी, चन्नप्पा. जा सुखानं.

त्यानं आणखी कुणाकुणाला असं वाचून पाठवलंय, ते खाली लवकर लिहा.

मला एकही पाठवलेलं नाही.