पोट घट्ट, श्वास मोकळा

त्या वर्षी बोंडात कापसापेक्षा अळीच जास्त होती. मारेगावच्या पुढे आमचं शेत. जो काही कापूस वेचून झाला होता तो बैलबंडीत भरला होता आणि मी वर उभी राहून पायांनी दाबत होते. धुऱ्याच्या बांधावर चढताना एक चाक उचललं गेलं आणि मी पाठीवर पडले. खाली नेमका दगड होता.

महिनाभर खाटेवर काढला. मग जाऊबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर तुहं पोट ढिलं पडलं, म्हणून कंबर साथ देत नाही. टीव्हीवर दाखवतात तसं उताणं पडून उठून बसत जाय." त्या माझे पाय दाबून बसल्या, मी डोक्यामागे हात बांधले आणि दात आवळून उठून बसू लागले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या पायात आग उतरली आणि टाच जमिनीवर टेकवेना.

नवऱ्याने यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मणक्याची गादी सरकली होती. गोळ्यांनी आग थोडी कमी झाल्यावर मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. जाऊबाईंचा व्यायाम ऐकून त्या म्हणाल्या, "असं वाकून उठलं की सगळा दाब त्या गादीवरच येतो. हे बंद करा."

त्यांनी मला जमिनीवर उताणं झोपवलं, गुडघे उभे ठेवायला लावले. "आता मी पोटात बोट टोचणार आहे असं समजा." पोट आपोआप आवळलं. "बस, एवढंच घट्ट. श्वास रोखू नका, माझ्याशी बोलत राहा." बोलता बोलता पोट आवळलेलं ठेवायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. ते जमल्यावर एक टाच हळूच पुढे सरकवायची आणि मागे घ्यायची, कंबर न हलवता. पायात कळ उतरली तर तिथंच थांबायचं. "आणि लघवी अडली किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा." बाहेर पडताना त्यांनी पुन्हा बजावलं, "हे तुमच्या कमरेसाठी आहे. तपासल्याशिवाय दुसऱ्याला शिकवू नका."

घरी हा व्यायाम म्हणजे थट्टा झाली. सासूबाईंना मी मामी म्हणत असे. माझ्या वाटची वेचणी त्यांच्या अंगावर आली होती. कमरेला कापसाची ओटी बांधून त्या निघायच्या तेव्हा मी गोधडीवर पडून टाच सरकवत असायची.

"हा कोनता व्यायाम वं? घाम नाही, काई नाही. लोळून राह्यली नुसती!"

नवरा मान खाली घालून चपला शोधायचा.  मी काय दाखवणार होते? पोट आवळलेलं बाहेरून दिसत नाही.

एका दुपारी दोन बायका मामींना धरून घेऊन आल्या. गाठोडं उचलताना कमरेत कट्कन आवाज झाला म्हणे. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्या अंगणात तशाच वाकून उभ्या राहिल्या. संध्याकाळी मला जवळ बोलावलं.

"मले बी दाखव तुहा तो व्यायाम."

"मामी, आधी दवाखान्यात फोटो काढू. तुमच्या कमरेले काय झालं ते माईत नाही."

"तुले शिकवाचंच नाही. माह्या बोलण्याचा राग आहे तुले."

मी पुष्कळ विनवलं. आठवडाभर त्या दवाखान्यात आल्या नाहीत. आल्या तेव्हा फोटोत एक मणका चेपलेला दिसला. हाडं आतून पोकळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, पुढे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

उरलेला कापूस पऱ्हाटीच्या झाडांवरच राहिला. नवऱ्याने शेतात गुरं सोडली.

मामी खाटेला लागल्या. मला त्यांना उचलता येत नव्हतं, म्हणून मोरीपर्यंत माझा नवरा उचलून न्यायचा. तो बाहेर गेल्यावरच त्या लुगडं सोडू द्यायच्या, आणि मी पाणी घालत असताना भिंतीकडे तोंड करून रडायच्या. एकदा मी त्यांची पाठ पुसत होते.

"तुहं दुखणं खरंच होतं, नाई?" त्यांनी विचारलं.

"हो मामी."

"मले वाटे, पडून राहाची सवय लागली तुले."

 मी पाठ पुसत राहिले.

पुढच्या पेरणीआधी त्या गेल्या. शेवटपर्यंत त्यांचा मणका सरळ झाला नाही. तिरडीवर त्यांना निजवताना बायकांना मानेखाली कपड्याची घडी ठेवावी लागली.

मी आता वेचणीला जाते. गाठोडं नवरा उचलतो. डाव्या पायाच्या अंगठ्याला अजून स्पर्श कळत नाही. पायातली चप्पल सुटून मागे राहते आणि ते मला पुढे गेल्यावर कळतं.