घरगुती उपाय आणि सरांची डॉली

प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से मांजराच्या केसांसारखे अंगाला चिकटतात. कितीही झटका, एखादा राहतोच.

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या सरांचा दवाखाना होता. मी केसपेपर लिहायची, कुत्र्यांची तोंडं धरायची आणि सरांची चिडचिड ऐकायची. घरगुती उपाय म्हटलं की सरांच्या डोक्यात तिडीक जायची. "मग मी कॉलेजात काय वांगी सोलली?" हे ठरलेलं वाक्य.

टेबलाखाली सरांची कुत्री डॉली बसायची. सरांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, तिला पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलेलं. बाई गेल्यावर घरात सर आणि डॉली, दोघंच. त्या उन्हाळ्यात डॉलीच्या किडन्या गेल्या. सर रोज तिला रिक्षातून आणायचे, सलाईन लावायचे. ही गेली तर सरांचं कसं व्हायचं, याची मला लई धास्ती होती.

* * *

पूर्व भागातली एक सून पांढरं पॉमेरेनियन घेऊन धावत आली. "सर, याला कावीळ झालीय!"

कुत्रं खरंच पिवळंधमक. सरांनी डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, मग पाठीवरनं बोट फिरवून बोटाचा वास घेतला.

मागनं सासूबाई निवांत आल्या. "पायाला खरचटलं होतं की. म्हटलं, हळद कालवलीच हाय तर सगळ्यालाच लावू."

सर म्हणाले, "आता लग्नाची तारीख तेवढी सांगा."

सासूबाई वाकून डॉलीकडं बघत म्हणाल्या, "हिला पण लावून बघा की. हळदीनं नुकसान न्हाय." सरांनी पुढचा केसपेपर मागितला.

* * *

एक रिटायर कंडक्टर होते. त्यांच्या लॅब्रेडॉरला गॅस झाला, म्हणून त्यांनी घरी ओव्याचं पाणी उकळलं.

"ते तोंड लावेना हो. एवढं केलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून मीच प्यालो."

"मग?"

"मला एकदम मोकळं वाटलं. आता याचं काय ते तुमी बघा."

* * *

मंद्रूपचा एक मेंढपाळ पोट फुगलेली शेळी टमटममधनं घेऊन आला. निघताना घरी तिला तेल-हिंग पाजलेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत शेळी बरी झाली आणि टेबलावरचे केसपेपर खायला लागली.

"बरी झाली होती तर आणलीस कशाला?" सर कडाडले.

"इतक्या लांब आलोय, बघून तरी घ्या की."

जाताना त्यानं विचारलं, "तुमच्या कुत्रीला काय झालंय?"

"म्हातारपण."

तो डॉलीजवळ उकिडवा बसला, कानामागं खाजवलं. "त्यावर आमच्याकडं बी काय न्हाय, डाक्टर." मग टमटमवाला हाका मारेपर्यंत बसूनच राहिला.

आता लोक मोबाईलवर सगळं वाचून येतात. मी दुसऱ्या क्लिनिकात कम्प्युटरवर नावं टाकते. एसी आहे, सगळं झकपक आहे, पण तिथं कुणी कुणाच्या कुत्र्याची चौकशी करत नाही. आमच्या दवाखान्याची फार आठवण येते.

* * *

किडन्या गेल्या त्याच उन्हाळ्यात एकदा डॉलीला उचकी लागली. थांबेचना. प्रत्येक उचकीला तिचं सगळं अंग हलायचं. सरांनी इंजेक्शन दिलं, पाठ चोळली, चमच्यानं पाणी पाजलं. काही उपयोग नाही.

मी धीर करून म्हटलं, "सर, कोण आठवण काढतंय त्याचं नाव घ्यायचं असतं. बरोबर नाव आलं की थांबते."

सर माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता वांगी निघणार. पण ते हळूच खाली फरशीवर बसले.

"अनघा," म्हणाले. ही त्यांची पुण्यातली लेक. उचकी चालूच. मग दूधवाल्या दत्ताचं नाव घेतलं. चालूच. मग माझं घेतलं. मी तर समोरच उभी होते.

सरांनी डॉलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग डॉलीच्या कानाशी वाकून म्हणाले, "सुमन."

इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून बाईंचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. जन्मभर नुसतं 'अगं ऐकलंस का' चालायचं.

डॉलीनं मान वर करून दाराकडं बघितलं. उचकी थांबली.

सर गुडघ्यावर हात टेकत उठले, बेसिनपाशी पाठमोरे उभे राहून हात धूत राहिले. "उचकी आपोआपच थांबत असते," म्हणाले. "पुढचा पेशंट घ्या."

बाहेर बाकावर कुणीच नव्हतं. तरी मी 'हो सर' म्हटलं आणि बाहेर जाऊन बसले.