फरशीवाल्याचे गुडघे

चाळीस वर्षं फरशीवाल्याने गुडघे टेकून लोकांच्या घरांत फरशा बसवल्या. चर्चमधली फरशीही त्याच्याच हातची. पण त्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेताना तो ताठ उभा राहायचा. एका रविवारी मंडळीच्या सेक्रेटरीने त्याला वेदीपुढेच अडवलं.

"काका, देवापुढे तरी नमा. गुडघे टेकल्याशिवाय आज भाकर नाही."

बायकोने मागून सदरा ओढला. "टेका की हो! कशाला तमाशा?"

"नाही टेकणार. मालकांपुढे टेकले ते पोटासाठी. हे माझ्या बापाचं घर आहे. इथे मी गडी म्हणून येत नाही, लेक म्हणून येतो. रिकामे हात आणलेत, तो भरेल हे ठाऊक आहे. तेवढं नमणं पुरे."

सिमेंटने खाल्लेले तळवे पुढे धरून तो तसाच उभा राहिला. रांग खोळंबली. शेवटी भाकर वाटणाऱ्या पाळकांनी सेक्रेटरीला बाजूला केलं आणि त्या तळव्यांवर भाकर ठेवली.

बाजूला सरकताना सेक्रेटरीच्या पायाखालची फरशी पोकळ वाजली. फरशीवाला थबकला.

"सुटलीय ती, साहेब. उद्या सकाळी येतो. तिच्यापुढे टेकतो गुडघे, हवे तितके."